त्या दुसरीचं पुढं काय झालं

मथुराबाईसमोर भुताची गोष्ट सांगायची कुणाची छाती नव्हती. सांगणारा रंगात यायचा, पिंपळ यायचा, पांढरं लुगडं यायचं, उलटे पाय यायचे, आणि जोंधळ्यातले खडे निवडता निवडता मथुराबाई विचारायची, "उलट्या पायानं चिखलातनं गेली म्हणतोस, मग माग कुणीकडं तोंड करून उमटला?" झालं. गोष्टीतली हवाच निघून जायची. शेजारच्या गोरोबाला एकदा स्वतःच्याच रानात चकवा लागला. रात्रभर बांधाला फेऱ्या मारल्या म्हणून तो रडकुंडीला येऊन सांगत होता. मथुराबाईनं जवळ जाऊन त्याचं तोंड हुंगलं आणि म्हणाली, "चकवा बाटलीतला हाय. लिंबू पी आन् झोप." सोनारीच्या देवळापाशी माकडं भल्याभल्यांच्या हातातलं नारळ पळवतात, पण मथुराबाईनं नुसते डोळे वटारले की बाजूला होतात, असं त्या दिवसापासून गोरोबाच सांगत फिरायचा.

आणि गंमत बघा, असली ही कशावरच विश्वास न ठेवणारी बाई गळ्यात एक मेलेली बाई घालून हिंडायची.

तो टाक होता. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशानं उमटवलेली बाई, काळ्या दोऱ्यात मण्यांच्या शेजारी ओवलेली. ती मथुराबाईची सवत, हरणाबाई. ज्ञानोबाची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि मागाहून मथुराबाई या घरात आली. बिजवराशी लग्न लागलं की थोरलीच्या नावाचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, कुंकू आधी तिला लावायचं, सणाचा पहिला घास तिच्या तोंडाला लावायचा, ही आमच्याकडची रीत. नाहीतर थोरली येऊन छळते म्हणतात. मथुराबाईला हे छळण्याचं कधी पटलं नाही. "थोरलीचा मान हाय तो. मान द्यायला आधी भ्यायला कशापायी लागतंय?" ती म्हणायची.

ती सवतीला अक्का म्हणायची. दोघींनी एकमेकींना उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण मथुराबाईचं दिवसभर तिच्याशी बोलणं चालायचं. "अक्का, तुमच्या मालकानं मोटार बंद केली न्हाय बगा, हीर आटवली." "अक्का, आज डाळीत मीठ जास्त झालंय, गुमान खा." अक्का जाताना वीस-बावीसची होती आणि तेवढीच राहिली. मथुराबाईचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी थोरली ती थोरलीच.

आता दीपमालाची गोष्ट. दीपमाला म्हणजे मथुराबाईच्या भावाची, भूमच्या बजरंगची लेक. शिवणक्लास चालवायची. तिशी ओलांडली होती, आणि बघायला आलेल्या प्रत्येक पोराला तिनं काहीतरी नाव ठेवून परत पाठवलं होतं. शेवटी आत्यानंच स्थळ आणलं. धनाजी, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पहिली बायको राजेश्वरी आजारानं गेलेली, मूलबाळ नाही, माणूस कमी बोलणारा. सगळ्यांना वाटलं, ही आता आत्यालाही परत पाठवते. पण दोघं रसवंतीवर बसून लांबलचक बोलली काय, आणि घरी येऊन पोरगी मशीनवर गुणगुणायला लागली काय. बजरंगनं बहिणीला फोन करून ते गुणगुणणं ऐकवलं होतं.

सुपारी फुटली. त्या दिवशी मथुराबाईचा रुबाब बघण्यासारखा होता. सोनाराकडून राजेश्वरीचा टाक तिनं स्वतः करवून आणला होता आणि चारचौघांत दीपमालाच्या हातावर ठेवला. "आधी थोरलीची वळख करून घे. सुखानं नांदशील." बायकांनी माना डोलावल्या. धनाजी खाली मान घालून बसला होता.

आणि तेवढ्यात तो पिक्चर आला.

त्याचं खरं नाव मथुराबाईच्या तोंडी कधी बसलंच नाही, ती त्याला पैंजणवालीचा पिक्चर म्हणायची. पण जिल्ह्याला त्यानं वेड लावलं होतं. रिक्षात तेच गाणं, वरातीत तेच गाणं, फोन वाजला तरी पैंजणच वाजायचे. मेलेली बायको नवऱ्यासाठी परत येते, अशी प्रेमाची गोष्ट. शिवणक्लासच्या पोरींना सगळ्यांना त्या भुतासारख्या बाह्यांचा ब्लाउज हवा होता. त्याच पोरी दीपमालाला घेऊन बार्शीला पिक्चर बघायला गेल्या. रडून रडून डोळे सुजवून आल्या. दीपमाला मात्र कोरडी आली, मशीनवर झाकण टाकलं आणि म्हणाली, "मला हे लगीन करायचं न्हाय." टाक एका पुडीत बांधून बापाच्या हातात दिला.

लग्नाला थोडेच दिवस राहिले होते. गावभर झालं की पोरगी भुताला भ्याली. धनाजीची पहिली परत येईल म्हणून भ्याली. मथुराबाईला हे फोनवर कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर करपली. तिची भाची, तिच्या रक्ताची, भुताला भिऊन ठरलेलं लग्न मोडते? त्यापेक्षा तिनं धनाजीला काळा, बुटका, काहीही म्हणून नाकारलं असतं तरी चाललं असतं. शिवाय शब्द मथुराबाईचा गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती भूमला भावाच्या दारात हजर. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "दीपे, चल. मला दाखव तो पिक्चर. कुठं कुठं खोटं हाय ते म्या तुला बोट ठिवून दाखवते. मग खुशाल न्हाय म्हण."

दीपमालानं पायात चप्पल सरकवली. "चला. पण पिक्चर संपेस्तोवर तोंड उघडायचं न्हाय."

मथुराबाईनं शब्द दिला. तो सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपेपर्यंत टिकला.

थेटरात अंधार झाला आणि पडद्यावर डोंगरातला भला मोठा बंगला आला. हिरो, हिरॉईन, गाणं, तळं. हिरॉईन तळ्यात बुडून गेली. हिरोनं आईच्या हट्टापायी दुसरं लग्न केलं. आणि एका रात्री पैंजण वाजले. ओलीचिंब पांढरी साडी, मोकळे केस, ती बंगल्याच्या फरशीवरून चालत आली आणि तिच्या मागं पाण्याचे ओघळ राहिले. सगळं थेटर श्वास रोखून बसलं होतं.

"फरशी कोण पुसणार?" मथुराबाई म्हणाली.

दीपमालानं कोपरानं ढोसलं. पण आता गाडी उताराला लागली होती. कुत्रं भुंकलं नाही, मथुराबाईनं विचारलं का. चूल विझली, मथुराबाई म्हणाली, एवढ्या मोठ्या बंगल्यात खिडकीला फट हाय का बगा आधी. मागच्या रांगेतलं पोरगं म्हणालं, "ओ मावशी, बसा की." ती म्हणाली, "बसलेलीच हाय रं, तू पिक्चर बघ." मग आरशात ते भूत एकदम मागं उभं राहिलं आणि मथुराबाईनं दीपमालाचं मनगट करकचून धरलं.

"आत्या, हात का धरलाय?"

"तू भिशील म्हणून."

खरं सांगायचं तर मथुराबाईला मजा यायला लागली होती. काळीज धडधडत होतं, पाय खुर्चीवर घेतले होते, समोसा हातातच गार झाला होता. एक अक्षर पटत नव्हतं आणि एक क्षण डोळा हलत नव्हता. पडद्यावरची दुसरी बायको दिव्याच्या उजेडात थरथरत उभी होती, कपाट आपोआप उघडत होतं, लग्नाचा शालू हवेत तरंगत होता, आणि मथुराबाईला एकदम उलगडा झाला. ती अर्धी उठलीच.

"आगं, हिच्या गळ्यात टाक कुठं हाय? लग्नात थोरलीला लुगडं दाखवलं न्हाय, कुंकू लावलं न्हाय, घास ठिवला न्हाय. त्या बिचारीनं यावं न्हाय तर काय करावं?"

"खरं हाय बाई," अंधारातून एका म्हातारीचा आवाज आला. "मोठ्या लोकांत रीत पाळत न्हाईत."

"भूतबीत काय नसतं," मथुराबाई तिकडं वळून म्हणाली, "पण असलं तरी आसं वागत न्हाय. म्या सवतीसंगं जलम काढलाय." त्यावर दोन रांगा हसल्या. डोअरकीपर बॅटरी घेऊन येऊन गेला. तिनं त्यालाही विचारलं, तुला पटतंय का रं हे.

शेवट आला. पुनव, तळं, गाणं. हिरो कपड्यानिशी पाण्यात उतरायला लागला, पलीकडून ती हात पसरून उभी. थेटरात हुंदक्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पोरं डोळे पुसत होती. आणि मथुराबाई उभी राहिली, पदर खोचून, बांधावर उभं राहून गड्याला हाक मारावी तशी.

"आरं, घरी बायको हाय तुझी. तिला सांगून तरी जा."

सगळं थेटर फुटलं. कुणी शिट्टी मारली, बायकांच्या रांगेनं टाळ्या पिटल्या. हिरो बिचारा बुडाला तो हशातच बुडाला.

बार्शीच्या स्टँडवर चहा घेताना मथुराबाईचा चेहरा नुसता फुलला होता. बोटांवर मोजून मोजून ती चुका सांगत होती. "बगितलंस? एक तरी खरं हुतं? भ्यायचं काय त्यात? उद्याच्या उद्या धनाजीला निरोप धाडते."

"आत्या," दीपमाला म्हणाली, "भुताला कोण भ्यालंय?"

"मग?"

"त्या दुसरीचं नाव काय हुतं सांगा."

मथुराबाईनं तोंड उघडलं. हिरोचं नाव आठवलं. पैंजणवालीचं आठवलं. कुत्र्याचं नाव मोती, तेही आठवलं. दुसरीचं येईना.

"न्हाय सांगता येणार. तिला कुणी हाकच मारली न्हाय. अर्ध्याच्या पुढं ती दिसली तरी का? नवरा गेला, पिक्चर संपला, लोक रडले ते त्या दोघांसाठी." दीपमालानं कप खाली ठेवला. "मला धनाजी आवडलावता. पण त्यानं माझ्याकडं नीट बगितलंसुद्धा न्हाय अजून. गळ्यात मणी पडायच्या आधी तुमी माझ्या हातावर ती आणून ठिवली. आधी तिची वळख करून घे म्हणालात. माझी वळख कुणी कुणाला करून द्यायची? तुमी जलमभर तिला आधी घास दिलात, आत्या. तुमाला आधी कुणी दिला?"

स्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मथुराबाईचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. भूमला जाणाऱ्या गाडीत आणि तिथून पुढं आपल्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं विचारलं, तब्येत बरी हाय ना.

चूक तिची होती. पिक्चरवर राग काढत ती एवढ्या लांब गेली, आणि पोरीचं मन मोडलं होतं तिनं स्वतः, चारचौघांत, मोठ्या रुबाबात. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दीपमालानं जो प्रश्न विचारला, तो तिच्या स्वतःच्या पोटात लग्नापासून पडून होता. रानात एकटी झोपणारी, माकडांना डोळे वटारणारी ही बाई त्या एका प्रश्नाला भीत आली होती.

वस्तीवर पोचली तेव्हा ज्ञानोबा गोठ्यापुढं बसून कडबा तोडत होता. दिवस मावळतीला आला होता. ती पिशवी न ठेवता तशीच उभी राहिली.

"अवो, अक्काची आठवण येती का तुमाला?"

ज्ञानोबाचा हात थांबला. त्यानं विळा बाजूला ठेवला, टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली.

"रागावशील."

"बोला."

"मला तिचं तोंड आठवंना झालंय. लई वर्सं झाली. सणाला तू टाकाला घास लावतीस तवा म्या आठवाया बघतो. पण तुझंच तोंड पुढं येतं. त्या टाकावरबी मला तूच दिसतीस." त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुला सांगाया भीती वाटायची. म्हणशील, थोरलीला इसरला."

मथुराबाईला असा आनंद झाला, की त्या वयात, त्या गुडघ्यांनिशी, तिला गोठ्यापुढं फुगडी घालावीशी वाटली. आणि त्याच क्षणी अक्कासाठी तिचा जीवही तुटला. दोन्ही एकदमच आलं. तिनं पिशवी आपटली.

"लाज वाटती का? पोरगी तुमच्या घरात मेली. तिला आठवणारं दुसरं कोण हाय?"

"तू हायस की," ज्ञानोबा म्हणाला. "दिसभर माझ्यापरीस तिच्यासंगंच जास्त बोलतीस."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पदरानं नाक पुसत पुसत तिनं चहा ठेवला, आणि साखर दोनदा घातली. ज्ञानोबानं तो गोडमिट्ट चहा थेंबभरही न ठेवता प्याला.

सकाळी ती पहिल्या गाडीनं भूमला. उतरली ती थेट वर्कशॉपच्या फाटकावर. धनाजीला गाडीखालून बाहेर काढलं आणि तसाच, काळ्या हातांनी, भावाच्या घरी नेला. हात धुतो म्हणाला तर धुऊ दिले नाहीत. दीपमाला मशीनवर बसली होती. मथुराबाईनं भावाकडून ती पुडी मागून घेतली, राजेश्वरीचा टाक काढला आणि आपल्या गळ्यातल्या दोऱ्यात अक्काच्या शेजारी ओवला.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "घाई केली. ही राहील माझ्यापाशी, पाव्हणी म्हणून. आता तुमी दोघं एकमेकांकडं बगा. पटलं तर पटलं."

धनाजीला काही कळलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं, पोरगी भुताला भ्याली. तो उंबऱ्यातच उभा राहिला. काळे हात कपड्याला पुसत म्हणाला, "तू घाबरलीस म्हणल्यावर म्याबी गेलतो बार्शीला. पिक्चर बघाया."

दीपमालानं मान वर केली नाही. "मग?"

"अर्ध्यातनं उठून आलो. ती दुसरी हाय ना, ती दोन ताटं वाढून बसती. तो येतच न्हाय. ती एकटीच बसती. मला ते बघवंना." तो थांबला. त्याला एवढं बोलायची सवय नव्हती. "तिचं पुढं काय झालं?"

मशीन थांबली.

"पुढं दाखवलंच न्हाय तिला."

"आसं कसं? म्या तर सगळा वेळ तिच्याकडंच बघत हुतो."

तेव्हा दीपमालानं मान वर केली. मथुराबाईनं बजरंगला बखोट धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं. बजरंग विचारत होता, काय झालं, ठरलं का. तिनं त्याला लसूण सोलायला बसवलं.

लग्न ठरल्या तारखेला झालं. दीपमालाच्या गळ्यात नुसते मणी होते. जुन्या बायकांनी कुजबुज केली, टाक कुठं हाय म्हणून. मथुराबाईनं आपल्या गळ्यातले दोन टाक वर काढून दाखवले आणि म्हणाली, दोघींचं जमलंय, तुमी पंगतीला बसा. तेव्हापासून तिच्या दिवसभराच्या बोलण्यात अक्काबरोबर राजेश्वरीही आली. तिला मात्र ती पोरी म्हणायची.

नागपंचमीला दीपमाला आत्याकडं आली. आल्या आल्या म्हणाली, "आत्या, माझी अक्का द्या."

मथुराबाई पुरणाचे दिंड उकडायला ठेवत होती. तिनं वळून हात पदराला पुसले.

"धनाजीच्या घरात सगळे डबे तिनंच लावलेत अजून. तिखट कुठं, साखर कुठं. म्या बदलाया गेले, तर माझ्यापेक्षा तिचंच सोयीचं निघालं. तसंच ठिवलं. हुशार हुती." दीपमाला हसली. "त्यानंच सांगितलं, कशी हुती ते. म्या इचारलं म्हणून."

मथुराबाईनं दोरा सोडला. दोन्ही टाक एकाच ठशाचे, तेच डोळे, तेच नाक. पण अक्काच्या टाकाचं नाक वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवानं पार झिजून गेलं होतं. ठसठशीत होता तो तिनं दीपमालाला दिला आणि झिजलेला परत गळ्यात बांधला.

मग सगळे जेवायला बसले. मथुराबाईनं दिंडाचा तुकडा मोडला आणि सवयीनं अक्काच्या तोंडाला लावला. दीपमालानंही आपल्या ताटातला घास आपल्या टाकाला लावला. मग तिनं दुसरा घास मोडला, तुपात बुडवला आणि हात लांब करून आत्याच्या तोंडापुढं धरला.

"थोरलीचा झाला. हा धाकटीचा."

ज्ञानोबा म्हणाला, "घे की, तूप गळायलंय." मथुराबाईनं तोंड उघडलं आणि घास घेतला.